शुक्रवारचं पाणी

१

सोमवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी लाटांच्या टाकीत हे होतं: रंगवलेले दगड एकूण सहाशे चाळीस. त्यांतले जागेवर पाचशे नऊ. जागा सोडून घरंगळलेले एकशे एकतीस, म्हणजे पिवळे एकोणीस, लाल चौऱ्याऐंशी आणि निळे अठ्ठावीस. काचेलगत बोटभर रुंदीची तेलकट साय. आणि एक मेलेली पाल. पालीचं पोट वर होतं. ती मी चिमट्यानं काढली, दोनदा हात धुतले, तरी दुपारी डबा चमच्यानंच खाल्ला.

तीन दिवसांपूर्वी, शुक्रवारी, याच बांधावर याच उंचीच्या लाटा तितकाच वेळ आदळल्या होत्या. तेव्हा हललेले दगड होते सहा.

आमची टाकी चाळीस मीटर लांब आणि ऐंशी सेंटीमीटर रुंद आहे, बाजूंना जाड काच. एका टोकाला पॅडल, म्हणजे पाण्याला पुढेमागे ढकलून लाटा उठवणारी पोलादी फळी. दुसऱ्या टोकाला समुद्रातल्या बांधाची चाळीसपट लहान प्रतिकृती. टाकीतली पंधरा सेंटीमीटरची लाट म्हणजे समुद्रातली सहा मीटरची. शंभरात पाचपेक्षा जास्त दगड हलले, तर बांध नापास. सहा दगड म्हणजे उत्तम पास. एकशे एकतीस म्हणजे बांध नव्हे, दगडांचा ढीग.

ही चाचणी खरं तर ठरलेली नव्हती. शुक्रवारी पाहुण्यांसमोर झालेल्या चाचणीचा अहवाल जायचा होता आणि त्यात लावायला लाटेचा एक फोटो हवा होता. माझे शुक्रवारचे सगळे फोटो हलले होते. म्हणून सकाळी मी आणि पॅडल चालवणाऱ्या ताईंनी तीच चाचणी परत लावली. सहा दगड आधी जागेवर बसवले होते, बाकी कशाला हात लावला नव्हता.

"ताई, उंची किती लावली होती?"

"पंधरा. तुझ्यासमोर तर लावली."

"नक्की?"

"बाई गं, बावीस वर्षं हेच बटण दाबतेय. पंधरा म्हणजे पंधरा. मला काय चष्मा बदलायला झालाय?"

पंपवाला पलीकडच्या कठड्याला टेकून उभा होता. त्याला सगळे बोका म्हणतात, कारण त्याला पाण्याचा तिटकारा आहे. पाण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करून त्यानं गेल्या चौदा वर्षांत टाकीत पाय घातला असेल तो मोजून चार वेळा, आणि चारही वेळा नंतर सुट्टी घेतली.

"मोजणीबाई," तो म्हणाला, "एकशे एकतीस पाल धरून की सोडून?"

तेवढ्यात दार उघडलं आणि सर आत आले. सर म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख. मी इथं येण्यापूर्वी दोन वर्षं त्यांचे निबंध वाचत होते. बांधावर दगड रचायची त्यांची एक खास पद्धत आहे, तिला त्यांचंच नाव आहे. तसे रचले तर हलके दगडही मोठ्या लाटेला पुरून उरतात, असं ते वीस वर्षं सांगत आलेत. टाकीतला बांध त्याच पद्धतीनं रचलेला होता. खरा बांध एका बंदरावर तसाच उभा राहणार होता, आणि त्याच्या आडोशाला दोनशे घरं होती.

सरांनी कोसळलेल्या बांधाकडे पाहिलं. फार वेळ नाही, तीन सेकंद असतील. मग खिशातून सुगंधी ओला कागद काढून एकेक बोट पुसलं, जसं ते कुठंही आले की पुसतात.

"मामा," ते हळू आवाजात म्हणाले, "शुक्रवारची वही आणा."

लाटा मोजायच्या तारा सांभाळणारे आणि रोजची मापं वहीत लिहिणारे मामा आपल्या टेबलाकडे गेले. त्यांनी खण उघडला, बंद केला, खालचा उघडला. मग ते तसेच वाकलेले राहिले.

वही नव्हती.

२

मामा इथं एकतीस वर्षं आहेत. त्यांचं काम गेज सांभाळायचं. गेज म्हणजे पाण्यात उभ्या सोडलेल्या दोन बारीक पोलादी तारा. तारांमधून पाण्यातून वीज जाते. तारा जितक्या बुडलेल्या, तितकी वीज जास्त. लाट आली की आकडा चढतो, गेली की उतरतो. असे चार गेज टाकीत आहेत.

पण ही तार भोळी आहे. पाणी जरा कोमट झालं, जरा खारट झालं, कुणी टाकीत साबणाचे हात बुडवले, की तीच लाट तिला वेगळी वाटते. म्हणून रोज सकाळी आठ वाजता, पाणी अगदी शांत असताना, मामा प्रत्येक गेज बरोबर दहा सेंटीमीटर वर घेतात, दहा खाली नेतात आणि आकडा किती सरकला ते वहीत लिहितात; दर सोमवारी नवी वही. दिवसभर त्याच मापानं लाटा मोजायच्या. चाचणी संपली की परत एकदा तेच. हे सगळं मला पहिल्या आठवड्यात सरांनीच शिकवलं होतं, खुर्ची पुढं ओढून, स्वतः आकृती काढून.

आता त्यांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. खोलीत लिंबाच्या फवाऱ्याचा वास होता.

"बस, बेटा. काय झालंय ते तुला कळलंय ना?"

"दोन दिवसांपैकी एका दिवशी गेज चुकलेत."

"आज चुकलेत. आज मामांनी माप चुकीचं घेतलं. गेज पंधरा दाखवत होते, पण लाट खरी एकोणीसची असणार. एकोणिसाला कुठलाही बांध फुटेल." त्यांनी बोटं पुसली. "मामांचं वय झालंय. हात थरथरतो. वहीसुद्धा जागेवर ठेवत नाहीत. मला वाईट वाटतं, पण..."

"पण शुक्रवारचं माप कशावरून बरोबर?"

"शुक्रवारी मी स्वतः हजर होतो."

त्यांनी एक कोरा कागद पुढं सरकवला.

"चार ओळी लिही. सोमवारची चाचणी तू घेतलीस, गेजचं माप सदोष होतं, म्हणून ती रद्द धरावी. खाली सही. पाच वाजता मोठ्या बाई येतायत. मामांना आजच कमी करायचं ठरलंय."

"आजच?"

"नासलेला भाग लवकर कापावा, बेटा."

मला त्या वाक्याची शिसारी आली. एकतीस वर्षांच्या माणसाबद्दल ते असं बोलले, जसं फळ चिरताना बोलतात. मी कागद घेतला. तो कागदही सुगंधी होता.

बाहेर मामा रिकाम्या टेबलाशी बसले होते. त्यांचे हात मी मुद्दाम पाहिले. अजिबात थरथरत नव्हते.

"मामा, आज सकाळी किती आला होता आकडा?"

"दोन नंबरच्या गेजला दोन पूर्णांक एकेचाळीस. शुक्रवारीही तोच. नळाचं पाणी तेच, तर आकडा तोच येणार ना?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पण शुक्रवारचा दाखवू कशात? तोंडी हिशेब कोण धरतं? पोरी, मी एक वेळ जेवायला विसरेन. हे विसरणार नाही."

घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. माझ्या खिशात तो कोरा कागद होता.

३

मी ताईंकडे गेले. ताईंचं आणि मामांचं पटत नाही. बारा वर्षांपूर्वी एका पंख्यावरून भांडण झालं, ते अजून चालू आहे.

"म्हातारा चुकला असेल तर चुकला असेल," ताई म्हणाल्या. "मी कुणाचा कैवार घेत नाही."

"ताई, पॅडल किती पुढेमागे गेलं याची नोंद असते का?"

"नसते. मी मशीनला फक्त उंची सांगते. गेज ओरडून सांगतात लाट केवढी झाली, ते ऐकून मशीन पॅडल हलवतं. गेज म्हणाले पंधरा झाली, की ते आणखी ढकलत नाही. सगळा कारभार गेजच्या तोंडावर."

"आणि आज नेहमीसारखंच वाटलं?"

"आज वाटलं. ठोकलं ना त्यानं." त्यांनी टेबलावर बोटाच्या पेरानं टकटक केलं. "चौदाच्या वर गेलं की मागच्या टोकाला असं ठोकतं. माझं डोकं उठतं त्यानं. शुक्रवारी मात्र गुणी बाळासारखं चाललं. पाहुण्यांसमोर अब्रू राखली म्हटलं."

"शुक्रवारी ठोकलं नाही?"

"एकदाही नाही." ताईंनी बोट थांबवलं. "अगं, पण गेज तर पंधरा दाखवत होते."

"शुक्रवारी आणखी काही वेगळं?"

"काही नाही. हां, सरांनी शून्य परत घ्यायला लावलं. गेजचं शून्य गं, शांत पाण्याचं. मामांनी आठला घेतलं होतं, तरी साडेदहाला परत. म्हणाले, जरा सरकलंय. पाहिलं तर खरंच सरकलं होतं. चारही गेजचं."

"चारही? एकाच बाजूला?"

"एकाच बाजूला."

हे मी माझ्या वहीत लिहून दोनदा वाचलं. माणूस चुकतो तेव्हा चार गेज चार तऱ्हांनी चुकतात. एकाचा स्क्रू ढिला, दुसऱ्याचा आकडा उलटा लिहिलेला. चारही तारा एकाच सुरात खोटं बोलल्या, तर त्यांना पढवणारं काहीतरी एकच असलं पाहिजे. आणि चारही तारांना एकच गोष्ट शिवलेली होती.

बोका पंपाच्या खोलीत पेपर वाचत बसला होता.

"शुक्रवारचं पाणी कधी सोडलं?"

"पाचला. एरवी शनिवारी सोडतो. पण सर म्हणाले, आजच सोड, रंगानं काच डागाळेल. मग मी काय, चावी फिरवली. शनिवारी नवीन भरलं."

रंग. रंगाचा मला विसरच पडला होता. शुक्रवारी दहा वाजता सरांनी पाहुण्यांना लाटेखालचं पाणी कसं फिरतं ते दाखवायला टाकीत गुलाबी रंग सोडला होता. खाण्यात घालतात तसला, निरुपद्रवी. दोन बादल्या. पाहुणे खूश झाले होते, कुणीतरी टाळ्याही वाजवल्या होत्या.

"रंग कुणी कालवला?"

"सरांनीच की! मी म्हटलं, आज सूर्य कुठून उगवला? ज्या माणसाला दाराची कडी धरवत नाही, तो दोन्ही हातांत बादल्या घेऊन चाललाय! मी म्हटलं, सर, द्या इकडे. तर म्हणाले, राहू दे, तू लांबच रहा." बोक्यानं पेपर खाली ठेवला. "मला काय, बरंच झालं. रंगीत पाण्याची तर मला जास्तच किळस."

"पाणी सोडल्यावर टाकी आतून पुसली?"

त्यानं पेपर परत वर धरला.

"बोका?"

"बाहेरून पुसली! चकाचक! आत कोण उतरणार? तळाला कसला चिकट थर असतो माहितीय? शेंबडासारखा. पायाला लागला की रात्री जेवण जात नाही."

"म्हणजे आतून पुसली नाहीस."

"तक्रार करणार का माझी?"

"नाही," मी म्हटलं. "तुझे उपकार आहेत."

४

टॉर्च, पोलादी पट्टी आणि नाकाला रुमाल एवढं घेऊन मी दोन नंबरच्या गेजजवळ शिडीवर चढले आणि काचेच्या आतल्या बाजूवर उजेड टाकला.

पाणी साठून राहिलं की त्यावर तेल, धूळ, मेलेले किडे आणि माणसाच्या हातांचा मळ मिळून एक साय धरते. लाट चढते तेव्हा ती साय काचेला लागते आणि लाट उतरली की तिथंच चिकटून बसते. जिथवर सर्वांत उंच लाट गेली, तिथं बारीक, बुळबुळीत रेघ राहते. तोंड जवळ नेलं तर कुबट वास येतो. मी तोंड जवळ नेलं.

रेघा दोन होत्या. वरची आजची, अजून ओली, करड्या रंगाची. तिच्या खाली एक वाळलेली. टॉर्च तिरका धरला तेव्हा तिचा रंग दिसला. गुलाबी.

गुलाबी पाणी टाकीत फक्त एकच दिवस होतं.

शांत पाण्याची पातळी काचेवर लाल पट्टीनं कायमची आखलेली आहे. तिथून वर मोजलं. तीन वेळा मोजलं. करडी रेघ अठ्ठ्याऐंशी मिलिमीटर, गुलाबी रेघ अडुसष्ट.

लाटेचा माथा शांत पाण्यापासून किती वर जावा, याचं गणित आहे. मी ते शिडीवरच गुडघ्यावर वही ठेवून केलं. पंधरा सेंटीमीटरच्या लाटेला अठ्ठ्याऐंशी येतं. आज गेज खरं बोलत होते. एकोणीसची लाट आली असती, तर रेघ कितीतरी वर गेली असती. आणि अडुसष्टला? मागून पुढं गणित केलं.

बारा.

शुक्रवारी पाहुण्यांसमोर, टाळ्यांच्या गजरात, बांधावर बारा सेंटीमीटरच्या लाटा आदळल्या होत्या, आणि चारही गेज त्यांना पंधरा म्हणत होते. म्हणूनच पॅडल ठोकत नव्हतं.

मग शिडीवर बसल्या बसल्या मला शुक्रवारचा रंग परत आठवला. रंग पाण्यात सोडला की तो धुरासारखा मधेच पसरतो, मी शंभरदा पाहिलंय. शुक्रवारी तो पसरला नव्हता. पडद्यासारखा सरळ तळाला गेला आणि तिथं लोळला. "वा, काय सुंदर!" असं पाहुण्यांतलं कुणीतरी म्हणालं होतं. मीसुद्धा म्हणाले असेन. तळाला जातं ते जड पाणी. बादलीतलं पाणी जड होतं, कारण त्यात मीठ होतं. पुढं पॅडलनं अर्ध्या तासात ते सगळीकडे सारखं केलं. रंग होता तो मीठ लपवायला.

टाकीत एकोणीस हजार लिटर पाणी मावतं. तारांना सव्वापट फुशारकी मारायला लावायची, तर मीठ लागतं सुमारे एक किलो. कुठल्याही स्वयंपाकघरात असतं तेवढं.

तारा खाऱ्या पाण्यात कशा फसतात, हे मला ज्या हातानं आकृती काढून शिकवलं, तोच हात बादलीत कोपरापर्यंत गेला होता. मग पुसला असेल. एकेक बोट. लिंबाच्या वासाच्या कागदानं.

पण रेघ म्हणजे फक्त रेघ. सर म्हणणार, साय कमीजास्त चढते. आणि ते पाणी तर शुक्रवारी पाचलाच गटारात गेलं होतं.

पाणी गेलं होतं ना?

५

"मामा! शुक्रवारी चाचणी संपल्यावर परत माप का नाही घेतलंत?"

"घ्यायलाच निघालो होतो. सर म्हणाले, हे पाकीट आत्ताच्या आत्ता दुसऱ्या इमारतीत देऊन या, आणि मग घरीच जा. वही टेबलावर उघडी होती. तशीच सोडून गेलो."

"आणि बाटली?"

इथं बाटल्यांबद्दल सांगितलं पाहिजे. मामांची एक सवय सगळ्या प्रयोगशाळेत बदनाम आहे. ज्यांच्या हाताखाली ते काम शिकले, त्यांनी त्यांना सांगितलं होतं की माप घेतलंस की त्या पाण्याची एक बाटली भरून ठेव. सकाळी एक, चाचणीनंतर एक. चिठ्ठीवर तारीख आणि वेळ. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मामांनी विचारलं नाही. पंपाच्या मागच्या फळीवर त्या बाटल्यांची रांग असते. जुन्यांत शेवाळ धरतं, काही हिरव्या होतात, काही तपकिरी. झाकण उघडलं तर मेलेल्या उंदरासारखा वास. ताई त्याला मामांचा दवाखाना म्हणतात. सर तर त्या फळीच्या बाजूनं जातच नाहीत. एकदा तोंडावर रुमाल धरून म्हणाले होते, "ही घाण इथून हलवा."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग आपल्या उजव्या हाताकडे.

"भरली की," ते म्हणाले. "हात आपोआप जातो ना. पाकीट काखेत होतं, तरी जाता जाता बुडवली. गुलाबी निघाली म्हणून मीच हसलो."

आम्ही दोघंही पंपाच्या खोलीकडे धावलो. मामा माझ्यापुढं होते.

फळी रिकामी होती. नुसती रिकामी नव्हे, पुसलेली. बाटल्यांच्या तळाचे गोल डाग तेवढे उरले होते. चोवीस.

"बोका!" मामा ओरडले.

बोका दारात आला आणि आमची तोंडं बघून मागं सरकला.

"माझ्यावर नका ओरडू! सकाळी सरांनी सांगितलं. पाहुण्यांना वास येतो, सगळ्या ओतून टाक म्हणाले."

"ओतल्यास?"

त्यानं कोपऱ्यातल्या पिंपाकडे पाहिलं.

"अरे, ओतल्यास का?"

"मामा, रागवू नका," बोका रडकुंडीला आला. "मी एक उघडली, त्या पहिल्या हिरव्या बाटलीचं झाकण. पोटातलं सगळं वर आलं. मग नाही झालं मला. पोत्यात भरून त्या पिंपामागं ठेवल्यात. सरांना सांगू नका, उद्या नक्की ओततो."

मामांनी बोक्याला मिठी मारली. बोक्यानं घाबरून अंग चोरलं.

मी पोतं उघडलं. वास आला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. बाटल्या तेवीस होत्या, आणि एक उघडी, उपडी झालेली. तळाशी शेजारी शेजारी दोन मिळाल्या. शुक्रवार, सकाळी ८. स्वच्छ. शुक्रवार, दुपारी १. गुलाबी. झाकणं घट्ट.

चार वाजून पन्नास मिनिटं झाली होती.

६

मोठ्या बाई म्हणजे संस्थेच्या संचालिका. त्या टाकीशी आल्या तेव्हा त्यांच्या हातात टाइप केलेला कागद होता, मामांना कामावरून कमी करण्याचा. फक्त सही बाकी होती.

"आणि तुमचा कागद?" त्यांनी मला विचारलं.

मी कोरा कागद त्यांच्या हातात दिला. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले.

"बेटा, दमलीयस तू."

त्या शब्दानं मला अंगावर शेवाळ घासल्यासारखं वाटलं. मी बाईंकडे तोंड करून सगळं सांगितलं. पॅडलचं न ठोकणं, साडेदहाचं शून्य, दोन रेघा, तळाला गेलेला रंग. रेघ पाहायला बाई स्वतः शिडी चढल्या.

"किती कल्पक पोरगी आहे," सर म्हणाले. "बाई, काचेवरच्या घाणीवरून शास्त्र होत नसतं. वहीच हरवलीय म्हटल्यावर..."

"वहीतला शुक्रवारचा आकडा आजच्याहून वेगळा असता," मी म्हटलं, "तर वही हरवली नसती. तुम्ही ती सगळ्यांना दाखवली असती."

ताईंनी खुर्ची फिरवली. आता त्यांनाही ऐकायचं होतं.

मी दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या. सर एक पाऊल मागं सरले. पहिल्यांदा मला वाटलं ते किळसेनं. मग त्यांनी गुलाबी बाटलीवरची चिठ्ठी वाचली आणि खिशाकडे गेलेला त्यांचा हात तिथंच राहिला.

"हे शुक्रवारचं पाणी आहे," मी बाईंना म्हटलं. "सकाळचं, मामांनी माप घेतलं ते. आणि दुपारचं, चाचणी झाली ते. हे पेनासारखं मीटर पाण्यातून वीज किती जाते ते मायक्रोसिमेन्समध्ये सांगतं. तुम्हीच बुडवा. माझ्या हातात नको."

बाईंनी सकाळच्या बाटलीत मीटर बुडवलं. चारशे दोन.

"रंगानंही आकडा वाढतो," सर घाईघाईनं म्हणाले. "रंग मी घातला होता, सगळ्यांनी पाहिलंय. त्यात लपवण्यासारखं काय?"

"म्हणून हे तिसरं," मी म्हटलं. बोक्यानं बादली पुढं केली, तोंड दुसरीकडे फिरवून. त्यात आजचं नळाचं पाणी होतं, रंग घालण्यापूर्वी चारशे. रंगाच्या उरलेल्या डब्यातला रंग घालून मामांनी ते बाटलीइतकंच गुलाबी केलं होतं. बाईंनी मीटर पुसून बुडवलं. चारशे तीन.

पंपाच्या नळीतून पाणी ठिबकत होतं.

"आता मी आधीच सांगते," मी म्हटलं. "बाराच्या लाटेला गेज पंधरा म्हणाले, म्हणजे सव्वापट. मीठ घातलेलं नसेल, तर गुलाबी बाटलीत चारशे पाच येईल, फार तर सहा. घातलं असेल, तर चारशे दोनच्या सव्वापट. पाचशे दोन किंवा तीन."

बाईंनी मामांचा कागद बाटलीशेजारी टेबलावर ठेवला.

"चारशे पाच आले, तर याच्यावर सही करते," त्या म्हणाल्या. "पाचशे आले, तर हा फाडते, अहवाल थांबवते आणि सर, तुम्ही माझ्या खोलीत येता. सगळ्यांनी ऐकलंय ना?"

मामांनी झाकण उघडलं. वास नव्हता. तीन दिवसांचं पाणी, त्याला अजून वास धरायचा होता.

बाईंनी मीटर पुसलं, गुलाबी पाण्यात बुडवलं आणि आकडा थांबेपर्यंत वाट पाहिली. मग चष्मा सारखा करून मोठ्यानं वाचला.

"पाचशे तीन."